हिरमळला जाणारी गाडी

आप्पांची वाचा गेली त्या सुमारास माझ्या कादंबरीत भरपूर ग्रह होते, पण त्यांतल्या एकावरही माणसाला टेकायला जागा नव्हती.

हे तेव्हा मला कळलेलं नव्हतं. मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करते. भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा, बरोबर असला तर एका क्रेटमध्ये, चुकलेला असला तर दुसऱ्या. कंपनीची बस सकाळी फाट्यावरून उचलते आणि संध्याकाळी तिथंच सोडते. या जाण्यायेण्यात मी मोबाईलवर अंगठ्यानं कादंबरी लिहायचे, ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पांगलेल्या माणसांची. लग्न मोडून परत आले होते, भाड्याच्या खोलीत एकटीच राहत होते, आणि आकाशाचं वेड शाळेपासूनचं. वेळ बरा जायचा.

जग उभं करायचं तर आधी त्याचे नियम पक्के करावेत असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून मी नियम पक्के केले होते. प्रकाशाहून वेगानं काहीही जाणार नाही. एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे निरोप जायला वर्षं लागतील. कुठल्या ताऱ्याभोवती किती ग्रह, कुणाला किती चंद्र, कुठली हवा विषारी, सगळं ठरलेलं होतं. एक महासंघ होता, त्याचं आरमार होतं, आणि यानांना इतकी जड संस्कृत नावं होती की परत वाचताना माझीच जीभ अडखळायची. माणसं मात्र मोजकीच, आणि तीही झाडून सगळी सेनापती.

आमचं घर तिसगावात. आप्पा नोकरीला पाथर्डीच्या बसस्टँडवर होते, कंट्रोलर. गाड्या लावून घेणं, सोडणं आणि माईकवरून पुकारणं हे त्यांचं काम. घरी ते आमच्यासारखंच ‘हाय’, ‘न्हाई’ बोलायचे, पण माईक समोर आला की भाषेला इस्त्री केल्यासारखी व्हायची. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शेवगावमार्गे नेवाशाला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.” बाजारात त्यांनी पाठमोरं उभं राहून वांग्याचा भाव विचारला तरी माणसं वळून बघायची. “अहो, तुमीच का ते, स्टँडवरचे?” निवृत्त झाल्यावर गावात कुणाचंही लग्न असलं की पंगती बसवायला माईक आप्पांच्याच हातात. गप्प बसणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. आई म्हणायची, “यांचं तोंड झोपेत तेवढं मिटतं.”

एका सकाळी त्यांनी आईकडं ‘चावी’ मागितली. आईनं कपाटाची चावी दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि चिडून परत ‘चावी’च म्हणाले. हवा होता चहा. आईला वाटलं गंमत करतायत. मग त्यांच्या उजव्या हातातला पेपर गळून पडला, आणि शेजाऱ्यांनी जीप काढली.

मी सुप्याहून नगरला पोचले तेव्हा ते दवाखान्यात झोपलेले होते. डोक्यातल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. काही आठवड्यांत हात हलायला लागला, पाय थोडा ओढत का होईना पण चालायला लागले. शब्द तेवढे परत आले नाहीत. त्यांना सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, बाजारात कांद्याचं काय चाललंय, सगळं. पण म्हणायचं एक असायचं आणि तोंडातून निघायचं दुसरंच. आणि हे दुसरं बहुतेक वेळा गावाचं नाव असायचं. जन्मभर पुकारलेली गावं तोंडात वर वर येऊन बसली होती. मीठ हवं असलं की ‘शेवगाव’. पंखा लावायचा असला की ‘मिरी’.

एकदा बाहेर निघताना ते दारात उभं राहून ‘करंजी, करंजी’ म्हणायला लागले. करंजी हे आमच्याच रस्त्यावरचं गाव. आई आतून म्हणाली, “आता करंजी? आत्ता कुठं दिवाळी आली?” शेजारची बाई भाजी घ्यायला आली होती, ती फसकन हसली. मला हसू आलं, आईलाही आलं. आप्पांना त्यांच्या चपला हव्या होत्या. ते आमच्याकडं बघत राहिले, मग वळले आणि आत जाऊन कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवसापासून ते बोलायचेच थांबले. हवं ते बोटानं दाखवायचे. कुणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग घ्यायचे.

नगरला वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण आप्पांशी बोलताना आवाज चढवायच्या नाहीत. बाकी सगळे आप्पांशी मोठ्यानं बोलायचे, जणू ते बहिरे झाले होते. मॅडमनी त्यांच्याकडून वार म्हणवून घेतले. सोमवारपासून रविवारपर्यंत गाडी सुरळीत गेली. पण आज वार कोणता, हे विचारल्यावर आप्पा गप्प.

“असं होतं,” मॅडम म्हणाल्या. “घोकलेलं वेगळ्या वाटेनं येतं. नवीन बोलायची वाट बंद पडलीय, ती हळूहळू मोकळी करायची. यांना आणखी काय पाठ आहे? रोज म्हणत होते असं?”

मी म्हणाले, “स्टँडवर गाड्या पुकारायचे.”

“मग पुकारा की, काका.”

आप्पांनी खुर्चीत पाठ ताठ केली. आणि त्या छोट्याशा खोलीत त्यांचा जुना आवाज निघाला, अख्खा, कुठंही न अडकता. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.” आई पदर तोंडाला लावून बसली. मग गावाचं नाव घ्यायची वेळ आली. आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. “शे... नेवा... शेवासा.” चुकलं हे त्यांना तत्काळ कळलं. असं गाव नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली आणि पुन्हा तिथं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर एकदा मी सुट्टीला जोडून रजा काढून घरी आले होते. दुपारची वेळ होती, आई शेजारी गेली होती. आप्पा ओट्यावर सावलीत बसले होते आणि मी पलीकडं मोबाईल घेऊन. घरात इतकी शांतता आम्ही कधी पाहिली नव्हती. ती मला सोसेना म्हणून मी कादंबरीत डोकं घातलं. एका लाल ताऱ्याभोवतीच्या ग्रहाला नाव हवं होतं, ते सुचत नव्हतं. मी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “आप्पा, एक नाव सांगा ना. गावाचं. पण खऱ्या गावाचं नको. कुठंच नसलेल्या गावाचं.”

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं.

“खरंच. माझ्या गोष्टीत लागतंय. तिथं अजून कुणी गेलेलंच नाही.”

बराच वेळ गेला. मला वाटलं विषय संपला. मग ते हळूच म्हणाले, “हिरमळ.” आणि चूक केल्यासारखं माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मी टाइप केलं. “हिरमळ. झालं.”

त्यांनी हातानंच विचारलं, बरोबर?

“चूक कसं असेल आप्पा? ते गावच नाही अजून. तुम्ही म्हणाल तेच त्याचं नाव.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट सांगू शकत नाही. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. कुणीतरी खांद्यावरची गोणी उतरवून घेतल्यावर माणूस जसा जागेवरच थोडा वर येतो, तसं काहीतरी झालं. मग पाठ ताठ झाली.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. हिरमळला जाणारी... गाडी...”

“यान, आप्पा.”

“गाडी,” ते म्हणाले. या शब्दावर ते अडले नाहीत.

तेव्हापासून माझ्या कादंबरीत ताऱ्यांमधून गाड्या जातात.

संध्याकाळपर्यंत आमचे पाच-सहा ग्रह झाले. दुसवंडी, खोलतार, निंबर. शेवासा तर तयारच होतं, नगरच्या खोलीत जन्मलेलं. मी ते नाव घेतलं तेव्हा आप्पा जरा कचरले, मग त्यांनीच ते दोनदा पुकारून बघितलं. चांगलं वाजत होतं. माझ्या सगळ्या संस्कृत नावांपेक्षा चांगलं. आई आली तेव्हा आप्पा ओट्यावरून निंबरची गाडी सोडत होते. ती दारातच थांबली. “हे कुठलं निंबर?” तिनं मला विचारलं. मी वर बोट दाखवलं. तिनं वर छपराकडं बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. पण चहाबरोबर तिनं त्या दिवशी भजी केली.

मॅडमना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, चूक होण्याची भीती गेली की अर्धं काम होतं. मात्र रोज करा, आणि घाई करू नका. मग मी सुप्याहून रोज संध्याकाळी फोन करायला लागले. कंपनीच्या बसमधून उतरले की फाट्यावरच्या रसवंतीच्या बाकावर बसायचं आणि आप्पांना फोन लावायचा. पलीकडून गाड्या सुटायच्या. शेजारी रस पिणारी माणसं कान टवकारायची. एकानं मला विचारलंही, “ताई, ही दुसवंडी कुठं आली?” मी म्हणाले, “लांब आहे.”

आता आप्पा पुकारण्यावर थांबेनात. त्यांना माझं जग बघायचं होतं, आणि ते बघत होते ते कंट्रोलरच्या खिडकीतून. मी त्यांना ताऱ्यांमधलं एक मोठं स्थानक वर्णन करून सांगितलं, काचेचा घुमट, चार सूर्य दिसतात, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी?”

“काय पाणी?”

“प्यायला. पाणी. कुठं?”

मी पाण्याची सोय केली. मग त्यांनी विचारलं, “बसायला?” मी बाकडी टाकली. मग “बाया?” म्हणजे बायकांसाठी आडोसा कुठं आहे. माझ्या काचेच्या घुमटाखाली एकेक गोष्ट येत गेली. त्याबरोबर ती वापरणारी माणसंही आली, कारण रिकाम्या बाकड्यावर लिहायचं तरी काय? सेनापतींना तिथं काही काम उरलं नाही. मी त्या सगळ्यांना एका प्रकरणात एकदमच मारून टाकलं आणि पुढं ते प्रकरणच काढून टाकलं.

एकदा मी आप्पांना कोड्यात टाकायचं ठरवलं. म्हणाले, “आप्पा, माझ्याकडं गाडीला उशीर होतो तो तासाभराचा नाही. चाळीस-पन्नास वर्षांचा होतो. वाट बघणारा माणूस वाट बघताबघता मरून जाईल. मग कंट्रोलरनं काय करायचं?”

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. ते शब्द शोधतायत हे मला आता कळायचं, आणि मध्ये बोलायचं नाही हेही शिकले होते.

“सांगायचं,” ते म्हणाले.

“काय सांगायचं?”

“उशीर. हाय. सांगायचं.” मग आणखी थोडा वेळ. “लोक थांबतात. सांगितलं... की थांबतात. न सांगता... न्हाई.”

त्या रात्री जेवताना माझ्या डोक्यात तेच होतं. दोन ताऱ्यांच्या मधोमध एक ओसाड खडक, तिथं एक स्थानक, आणि तिथल्या कंट्रोलरचं काम एवढंच की येणाऱ्या पिढ्यांना सांगत राहायचं, गाडी निघालेली आहे, उशीर आहे, पण येते आहे. एक कंट्रोलर गेला की दुसरा माईकवर बसतो. माझ्या कादंबरीला नायक मिळाला.

प्रवासी कोण, हाही प्रश्न आप्पांनीच सोडवला. मी विचारलं, एवढ्या लांब जाणार तरी कोण? ते म्हणाले, “टोळी.” आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको, कडेवर तान्हं पोर, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, सगळा संसार घेऊन. बहुतेक ट्रॅक्टर-ट्रकनं जातात, पण मागं राहिलेले स्टँडवर येतात. आप्पांनी ही माणसं वर्षानुवर्षं पाहिली होती. मग माझ्याही जगात टोळ्या निघाल्या. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर पीक काढणीला आलं की हिरमळच्या टोळ्या गाडीनं तिकडं जातात आणि हंगाम संपवून परत येतात.

इथं माझा एक नियम आडवा आला. प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणाऱ्या गाडीत वेळ सावकाश सरतो. जाणाऱ्याची दोन-तीन वर्षं होतात तोवर मागं राहिलेल्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य निघून जातं. म्हणजे लहान मूल आजीपाशी ठेवून हंगामाला गेलेली बाई परत येते तेव्हा ती असते तिशीची आणि तिचा मुलगा असतो सत्तरीचा. हे सुचलं तेव्हा मी बसमध्ये माझा फाटा चुकले, पुढं जाऊन उतरले.

ते प्रकरण मी मन लावून लिहिलं. स्थानकावर गाडी लागते, तरुण आई उतरते, म्हातारा मुलगा धावत येऊन तिच्या गळ्यात पडतो, दोघंही ढसाढसा रडतात, आणि चारही सूर्य एकदम मावळतात. घरी गेले तेव्हा आप्पांना वाचून दाखवलं. आई बाजूला बसून बाजरी निवडत होती. तिला या सगळ्यात रस नाही असंच मी धरून चालले होते. अवकाश, तारे हे तिच्या लेखी आप्पांचं औषध होतं, मी दिवसातून एकदा फोनवरून पाजत होते ते.

मी वाचून संपवलं. आप्पांनी मान डोलावली. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, “असं न्हाई होत.”

“काय नाही होत?”

“गळ्यात न्हाई पडत पोरं.”

मी मोबाईल खाली ठेवला. आई बाजरीतले खडे वेचत बोलत राहिली.

“माझी आई-बाप जायची तोडायला. मला आजीपाशी ठिवायची. मी आसंन चार-पाच वर्साची. आई परत आली तवा मी तिला वळखलंच न्हाई. काळी पडलेली, वाळलेली. ‘ये’ म्हनली तर मी आजीच्या मागं दडले. आजीलाच आई म्हनायची मी. सगळी हसायला लागली, जा की, तुझी आई हाय ती. तसतशी मी आजूनच आत.”

“मग?”

“मग काय. दुसरी आसती तर वढून घेतलं आसतं. तिनं न्हाई वढलं. माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. मी एक करडू संबाळायची, शेळीचं. ती त्या करडापाशी जाऊन बसली. त्याच्याशीच बोलायची. ‘काय रं, काय खाल्लंस आज? रानात कुठं गेल्तास?’ रोज आपली त्याच्याशीच बोलायची. मी लांबनं ऐकायची. करडू कसलं बोलतंय? मग एक दिवस मलाच ऱ्हावंना. मी म्हनलं, त्यानं बाभळीच्या शेंगा खाल्ल्या.”

आई थांबली. सूप झाडलं, फोलपटं उडवली.

“‘व्हय का,’ म्हनली. आन मंग मला इचारलं, ‘आन तू काय खाल्लंस?’”

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. आप्पांकडं पाहिलं तर त्यांचे डोळे आईवर खिळलेले होते. ओठ हलत होते. आम्ही दोघी थांबलो.

“मला,” ते म्हणाले, “मला... कधी... न्हाई सांगितलं.”

आजारी पडल्यापासून त्यांनी स्वतःबद्दल, स्वतःच्या मनानं जुळवलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. पुकारणं नाही, गावाचं नाव नाही. आईच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ती आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाली, “तुमी कवा गप बसला हुता, सांगायला?”

आणि आप्पा हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता त्यांनी आईच्या सुपाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, “करंजी!” ते मुद्दाम म्हणाले होते. आई म्हणाली, “आता चपला आनू का फराळ?” मग आम्ही तिघंही हसलो.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. आता त्यात कुणी रडत नाही. म्हाताऱ्या मुलानं एक जनावर पाळलेलं असतं, त्या ग्रहावरचं, सहा पायांचं. तरुण आई त्याच्यापाशी जाऊन बसते. ते कसं लिहायचं हे मी आईला विचारून विचारून लिहिलं. ती भाकरी थापता थापता सांगायची, आणि मध्येच म्हणायची, “सहा पाय कशाला? चार पुरत्यात.” तेवढं मी ऐकलं नाही.

कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकांकडं पाठवली. बरेच महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. छापू म्हणाले, पण काही सुधारणा होत्या. त्यांतली एक, ‘गाडी’ या शब्दाऐवजी ‘यान’ किंवा ‘नौका’ घ्या, अवकाश वाटायला हवं. मी घरीच होते आणि फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत आप्पा पुढं झुकले. “न्हाई,” ते म्हणाले. “गाडी.”

“कोण बोलतंय?” प्रकाशकांनी विचारलं.

“माझे वडील,” मी म्हणाले. “ग्रहांची नावं त्यांची आहेत.”

मग प्रकाशक म्हणाले, “बरं, राहू द्या गाडी.” पुस्तक निघालं. फार खपलं असं नाही, पण पाथर्डीच्या वाचनालयात आहे, आणि आईनं एक प्रत देवापुढं ठेवलीय, ती मात्र कुणाला वाचायला देत नाही.

आप्पा पूर्वीसारखे बोलत नाहीत, बोलणारही नाहीत, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. छोटी छोटी वाक्यं येतात. नावं अजून घोटाळा करतात. पण आता ते थांबून, चुकून, परत सुरू करतात. लोक वाट बघतात, न बघणाऱ्यांची आप्पाही पर्वा करत नाहीत. आईचं बोलणं वाढलंय. संध्याकाळी ओट्यावर ती सांगते आणि ते ऐकतात, आणि तिच्या लहानपणातलं काहीबाही ते आता मला फोनवर तुटक तुटक सांगतात. नवी बातमी दिल्यासारखं.

मागच्या महिन्यात आई माहेरच्या लग्नाला गेली, तेव्हा मी आप्पांना सुप्याला माझ्याकडं आणलं. मी कामावर गेल्यावर दिवसभर काय करतील याची मला काळजी होती. डबा भरून ठेवला, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, खिशात माझा नंबर घातला. संध्याकाळी बसमधून उतरले तर आप्पा फाट्याजवळच्या झाडाखाली दगडावर बसलेले, आणि शेजारी एक तरुण कामगार. बाहेरच्या राज्यातून वसाहतीत कामाला येतात त्यांच्यातला असावा. पाठीला पिशवी होती. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही तोडकीच. दोघं हातवारे करून बोलत होते. त्यानं जमिनीवर काडीनं एक नदी काढली होती, तिच्या काठाला घर. आप्पांनी शेजारी रस्ता काढला होता, त्यावर एक गाडी. तेवढ्यात त्याची शिफ्टची बस आली. तो उठला, आप्पांच्या पायाला हात लावला आणि पळत गेला.

“कोण होता?” मी विचारलं.

“चांगला माणूस,” आप्पा म्हणाले. “लांबून... आलाय.”

“कुठून?”

ते आठवत राहिले. “सांगितलं त्यानं. नाव... न्हाई येत.” मग जरा वेळानं म्हणाले, “घरी त्याला... पोरगी हाय. एवढी.” आणि हात गुडघ्याइतका खाली नेऊन दाखवला.

आम्ही खोलीवर आलो. मी रात्रीची आणि उद्याच्या डब्याची कणीक भिजवायला घेतली तसे ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “जास्त कर. उद्या जेवायला येनार हाय तो.”

मी आणखी दोन वाट्या पीठ घातलं.